दान, श्रम आणि नोंद : धुळे परिसरातील लोकाश्रयी संस्थांचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटर अंतरावर सोनगीर हे गाव आहे. डोंगरी किल्ला, जुनी बाजारपेठ आणि तांब्या-पितळेची भांडी या तीन गोष्टींमुळे हे गाव खानदेशात परिचित आहे. १८८० च्या खानदेश जिल्हा गॅझेटियरमध्येही येथील तांबे-पितळ कामाचा उल्लेख येतो. सोनगीरचे हे भांडे प्रस्तुत लेखाच्या विषयाशी एका वेगळ्या अर्थाने निगडित आहे. महाराष्ट्रातील बहुतेक गावांत मंदिराच्या किंवा गावकीच्या मालकीची सामुदायिक भांडी असत. लग्नकार्य, सप्ताह, भंडारा अशा प्रसंगी ती गावातील कोणीही न्यावीत, वापरावीत आणि घासून-पुसून परत करावीत, असा रिवाज होता. या भांड्यांच्या काठावर दात्याचे नाव, गाव, क्वचित शके अथवा इसवी सन आणि 'अमक्याच्या स्मरणार्थ' अशी अक्षरे छिन्नीने ठोकलेली असतात. ताम्रपटाची परंपरा राजेरजवाड्यांपुरती मर्यादित राहिली. सामान्य कुटुंबाचा ताम्रपट म्हणजे हे भांडेच होय, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे ठरू नये.

स्थानिक पातळीवरील सार्वजनिक संस्था कोणाच्या बळावर उभ्या राहतात आणि टिकतात, हा प्रश्न आपल्याकडे इतिहासाचा विषय म्हणून फारसा हाताळला गेलेला नाही. संस्थेचा इतिहास म्हणजे संस्थापकाचे चरित्र, अशी आपली समजूत आहे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका चाळल्या म्हणजे याची प्रचीती येते. पहिल्या पानावर संस्थापक, दुसऱ्या पानावर मोठा देणगीदार आणि नंतर विद्यमान पदाधिकारी असा क्रम असतो. घरोघर फिरून वर्गणी गोळा करणारा, कागद झटकणारा, हिशेब लिहिणारा, पंगतीला वाढणारा मनुष्य त्यात सहसा आढळत नाही. धुळे आणि परिसरातील काही संस्थांच्या आधारे या दुर्लक्षित बाजूचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सामुदायिक श्रमाची पूर्वपीठिका :

'स्वयंसेवक' हा शब्द विसाव्या शतकात रूढ झाला असला तरी त्यामागील व्यवहार जुना आहे. सावड, इर्जिक हे शब्द मराठी शेतकरी समाजाला अपरिचित नाहीत. खानदेशाच्या संदर्भात पांझरा आणि तिच्या शेजारच्या नद्यांवरील फड पद्धतीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी आणावयाचे, लाभक्षेत्राचे फड पाडावयाचे आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, अशी ही व्यवस्था काही शतके लोकांनी स्वतः चालविली. हंगामापूर्वी पाटातील गाळ काढण्याचे काम लाभधारकांनी मिळून करावयाचे असे. पाणी सोडणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या यांना गावाने मोबदला द्यावयाचा असे. ही व्यवस्था धर्मादाय नव्हती, हे खरे. प्रत्येकाचा स्वार्थ तिच्यात गुंतलेला होता. तरीही श्रम हा वर्गणीचाच एक प्रकार आहे आणि तो चुकविणारा मनुष्य गावाच्या नजरेत ऋणको ठरतो, ही जाणीव या प्रदेशात कोणत्याही संस्थेच्या घटनेपूर्वी रुजलेली होती.

धार्मिक उत्सवांतून हीच जाणीव अधिक ठळकपणे व्यक्त होते. सोनगीर येथील आनंदवन संस्थानासारख्या ठिकाणी किंवा कोणत्याही गावच्या सप्ताहात पंगत बसते, तेव्हा तिच्यामागे धान्य देणारे, इंधन देणारे आणि हात देणारे असे तीन प्रकारचे लोक असतात. खानदेशातील वरण-बट्टीचा बेत या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कणीक मळणे, बट्ट्या वळणे, त्या भाजणे किंवा तळणे आणि शेकडो पानांवर गरम वाढणे, ही कामे एकट्या आचाऱ्याच्या आवाक्यातील नव्हेत. ज्याच्याजवळ देण्यास पैसा नाही त्याला येथे मान खाली घालावी लागत नाही. तो वाढावयास उभा राहतो. दाता आणि सेवेकरी यांच्यात प्रतिष्ठेची उतरंड नसणे, निदान त्या दोन तासांपुरती नसणे, ही या व्यवस्थेची खरी शक्ती आहे. जातीच्या भिंती पंगतीतही होत्या आणि पुष्कळ ठिकाणी दीर्घकाळ टिकल्या, हे मात्र येथे विसरून चालणार नाही. सामुदायिकतेचे गुणगान करताना कोण समुदायाबाहेर होता, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे.

नव्या संस्था, नवे दान :

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्या कारकिर्दीत धुळे हे जिल्ह्याचे ठाणे झाले. कचेऱ्या आल्या, न्यायालये आली आणि त्यांच्यामागून वकिलांचा वर्ग आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याने 'सभा' या नव्या रूपाला कायदेशीर चौकट मिळाली. सभासद, वर्गणी, चिटणीस, वार्षिक अहवाल, जमाखर्च ही परिभाषा मराठीत याच काळात रुळली. पूर्वीचे दान देवाला किंवा ब्राह्मणाला होते. आता ते एका अमूर्त संस्थेला द्यावयाचे होते. हा बदल वाटतो तितका सोपा नव्हता. देवाला दिलेल्या दानाचा हिशेब कोणी मागत नाही, संस्थेला दिलेल्या दानाचा मात्र मागितला जातो आणि मागितला जावा, अशीच अपेक्षा असते.

धुळ्यातील 'सत्कार्योत्तेजक सभा' ही या संक्रमणाची उत्तम साक्षीदार आहे. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या या सभेचे कार्य शंकर श्रीकृष्ण देव (१८७१-१९५८) यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले आहे. देव व्यवसायाने वकील होते. समर्थ रामदास आणि त्यांच्या संप्रदायाचे वाङ्मय एकत्र करणे, हे त्यांनी आपले जीवितकार्य मानले. डोमगाव येथील मठातील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून सिद्ध केलेली दासबोधाची आवृत्ती सभेने १९०५ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे 'रामदास आणि रामदासी' या मालेतून संप्रदायाचे पुष्कळ साहित्य छापले गेले आणि १९३५ मध्ये धुळ्यात श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले. समर्थांच्या हस्ताक्षरातील वाल्मीकि रामायणाची प्रत तेथे जतन केलेली आहे.

या कार्यातील देणगीदार कोण, हा प्रश्न विचारला की पैशाच्या पलीकडे जावे लागते. पैसा लागलाच, त्याविषयी शंका नाही. परंतु वाग्देवता मंदिराला मिळालेले सर्वांत मोठे दान पोथ्यांचे आहे. मठपतींनी आणि जुन्या घराण्यांनी आपल्या देव्हाऱ्यातील, माळ्यावरील बाडे दिली, तेव्हा हे संग्रहालय निर्माण झाले. पोथीचे दान हे रकमेच्या दानाहून गुणात्मकदृष्ट्या भिन्न आहे. रक्कम दिल्याने घरातील काही रिते होत नाही, किंवा झाले तरी पुन्हा भरता येते. चार पिढ्या ज्या बाडाची पूजा झाली ते एकदा घराबाहेर गेले की परत येत नाही. शिवाय त्या काळी ज्याच्या घरी पोथी त्याच्या घरी परंपरेचा मान, अशी धारणा होती. म्हणजे पोथी देणारा आपल्या मानाचा काही भाग देत होता. हे लोकांनी का दिले असावे? प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे उत्तर मागणाऱ्याच्या आचरणात आहे. जो मनुष्य स्वतःची वकिली बाजूस सारून गावोगावच्या मठांत जाऊन बसतो, प्रत नजरेखालून घालतो, नक्कल करून घेतो आणि छापून दाखवितो, त्याच्यावर लोक विश्वास टाकतात. स्वयंसेवकाचा श्रम हे दात्याला दिलेले तारण असते. सार्वजनिक संस्थेच्या व्यवहारात हे तारण कोणत्याही कागदोपत्री हमीपेक्षा मोलाचे ठरते.

राजवाड्यांचे धुळे :

हाच न्याय इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या बाबतीत अधिक तीव्रतेने लागू पडतो. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे तिचे बावीस खंड झाले. ही साधने राजवाड्यांनी स्वतः पायपीट करून, जुन्या वाड्यांच्या धान्याच्या कोठारांतून आणि वाळवी लागलेल्या पेट्यांतून मिळविली. त्यांच्याजवळ ना संस्था होती, ना संपत्ती. काही खंड विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या 'ग्रंथमाला' मासिकाच्या आधाराने प्रकाशित झाले. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. परंतु त्या मंडळाशी राजवाड्यांचे पुढे मतभेद झाले. आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांचा मुक्काम धुळ्यास होता आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, जानेवारी १९२७ मध्ये, धुळ्यातील मंडळींनी राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना केली. हा वेग विचार करण्याजोगा आहे. एखाद्या थोर पुरुषाच्या निधनानंतर शोकसभा होतात, ठराव होतात, पुतळ्याचा निधी सुरू होतो आणि वर्षभरात तो विसरला जातो, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. धुळ्यात तसे झाले नाही, कारण राजवाड्यांचे कागद, टिपणे आणि अपुरी राहिलेली कामे समोर पडून होती. पुतळा थांबू शकतो, कागद थांबत नाहीत. त्यांना कसर लागते. मंडळाने राजवाड्यांच्या टिपणांवरून 'मराठी धातुकोश' (१९३७) आणि 'नामादिशब्दव्युत्पत्तिकोश' (१९४२) हे ग्रंथ प्रसिद्ध केले, ही गोष्ट स्मारकाची कल्पना कशी असावी याचा वस्तुपाठ आहे. भास्कर वामन भट यांच्यासारख्या अभ्यासकांनी मंडळाच्या कामाला आकार दिला. १९३२ पासून 'संशोधक' हे त्रैमासिक निघू लागले. राजवाड्यांचे दप्तर, हस्तलिखिते, ऐतिहासिक कागद, नाणी, शिल्पे असा संग्रह मंडळाकडे जमत गेला आणि त्यातील फार मोठा भाग लोकांनी आपण होऊन दिलेला आहे.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. आपल्यापैकी अनेकांना 'संशोधक' त्रैमासिकाचा परिचय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 'केअर' यादीमुळे झाला. आयोगाने २०२५ मध्ये ती यादी बंद केली. यादी येण्यापूर्वी ऐंशीहून अधिक वर्षे हे नियतकालिक कोणाच्या श्रमावर आणि कोणाच्या वर्गणीवर चालत होते, याची चौकशी आपण प्राध्यापक मंडळींनी क्वचितच केली. लेख पाठविणारे वाढले म्हणजे आश्रयदाते वाढले, असे होत नाही.

संशोधन संस्थेतील स्वयंसेवकाचे काम नेमके काय असते, हे थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे, कारण बाहेरून ते दिसत नाही. घराण्याकडून रुमाल येतो. तो सोडावयाचा, धूळ झटकावयाची, चिकटलेले कागद पाते न लागता सुटे करावयाचे. वेखंडाची पूड, कडुनिंबाचा पाला हे जुने उपाय आणि आता रासायनिक धुरी. मग प्रत्येक कागद वाचून त्याचा प्रकार ठरवावयाचा : पत्र, वतनपत्र, निवाडा, हिशेबाचा फर्द, की निव्वळ किराणा मालाची यादी. त्यावर क्रमांक घालावयाचा, तारीख असल्यास शकावरून इसवी सन काढावयाचा आणि सूचीत नोंद करावयाची. हे सर्व मोडी लिपीत. मुंबई इलाख्यातील शाळा-कचेऱ्यांतून विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी हद्दपार झाली. ज्यांनी ती शाळेत गिरविली ती पिढी आज हयात असली तरी नव्वदीच्या घरात आहे. नंतरच्यांनी वर्गाला जाऊन शिकलेली मोडी असते. अक्षर लागते, पण लेखकाची लकब आणि संक्षेप लागण्यास वर्षे जातात. असा वाचक पैसे देऊन तात्काळ मिळत नाही. देणगीदाराने उद्या मोठी रक्कम दिली तर कपाटे घेता येतील, छायाचित्रण यंत्र घेता येईल, खोलीत वातानुकूलन करता येईल. वाचक घेता येणार नाही. देणगी ही स्वयंसेवकाची जागा भरून काढते, हा समज किती अपुरा आहे, ते यावरून स्पष्ट होते.

धुळ्याच्याच इतिहासातील एक वेगळे उदाहरण येथे आठवते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. कोणी सांगितले नव्हते, कोणी मोबदला देणार नव्हते. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ अनेक भाषांत गेला, तो या लेखणीच्या श्रमदानामुळे. बोलणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर येते, यात गैर काही नाही. परंतु लिहून घेणारा नसता तर प्रवचने भिंतीतच राहिली असती.

एक शेठ की हजार वर्गणीदार :

धुळ्यापासून जवळच असलेल्या अमळनेरने दानाचा दुसरा नमुना दाखविला. प्रताप गिरणीचे मालक श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यातून १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. त्यांच्याच नावाच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते. १९४५ मध्ये प्रताप महाविद्यालय सुरू झाले. गिरणीच्या नफ्यातून एका तालुक्याच्या गावी वेदान्ताच्या अभ्यासासाठी देशभरातील विद्वानांना वृत्ती देऊन बोलाविणे, ही कल्पना आजही थक्क करणारी आहे. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे तत्त्वज्ञ तेथे संचालक म्हणून राहून गेले. गिरणीचे दिवस पालटल्यावर मात्र मंदिराचे वैभव पूर्वीसारखे राहिले नाही. १९७३ पासून पुणे विद्यापीठातून निघालेल्या तत्त्वज्ञानविषयक इंग्रजी त्रैमासिकाला अमळनेरच्या प्रताप तत्त्वज्ञान केंद्राचे नाव जोडले गेले, ही त्या परंपरेची पुढील वाटचाल होय.

एकाच दात्यावर उभी असलेली संस्था वेगाने उभी राहते, निर्णय झपाट्याने घेते आणि दात्याच्या उत्पन्नाबरोबर तिचे भवितव्य बांधले जाते. हजार वर्गणीदारांची संस्था रडतखडत चालते. तिच्या सर्वसाधारण सभेत गणपूर्तीसाठी अर्धा तास थांबावे लागते. परंतु शंभर वर्गणीदार गळाले तरी ती कोसळत नाही. अंताजी दामोदर काळे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा मागितला, त्यामागे हाच विचार होता. त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. रयत शिक्षण संस्थेसाठी कर्मवीर भाऊराव पाटलांनी मूठ-मूठ धान्य मागितले, त्यामागेही हाच विचार होता. दळण्यापूर्वी बाजूला काढलेली ती मूठ घरातील स्त्रीच्या हातची असे. पावती मात्र, फाडली गेलीच तर, घरधन्याच्या नावाने फाडली जाई. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांबाबतही असेच म्हणता येईल. आठवड्यातून एक दिवस परक्या मुलाला वाढणारी गृहिणी ही शिक्षणसंस्थेची देणगीदारच होती. कोणत्याही अहवालात तिच्या नावे रुपया जमा नाही, आणि स्त्रियांच्या दानाचा इतिहास लिहिताना ही अडचण पदोपदी येते. जेव्हा स्त्री स्वतः झोळी घेऊन बाहेर पडली तेव्हाच तिची नोंद झाली. हिंगण्याच्या आश्रमाला रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी जमीन दिली, हे सर्वश्रुत आहे. पण त्याच आश्रमासाठी पार्वतीबाई आठवले यांनी गावोगाव फिरून, पुढे १९१८ मध्ये अमेरिकेस जाऊन, तेथे घरकाम करून निधी जमविला. दान मागणे हेही श्रमाचे काम आहे, किंबहुना सर्वांत अवघड श्रमाचे काम आहे, याची ही साक्ष होय.

आता दानाचे स्वरूप आणखी बदलले आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना नफ्याचा काही भाग सामाजिक कार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. योगायोग असा की, देशातील सर्वांत मोठ्या दानांपैकी एक ज्या उद्योगातून निघाले, त्या विप्रो कंपनीचा आरंभ १९४५ मध्ये अमळनेर येथील वनस्पती तेलाच्या कारखान्यातून झाला. परंतु कंपन्यांचा निधी प्रकल्पाला मिळतो. वर्षअखेर त्याचे फलित आकड्यांत दाखवावे लागते. अमुक इतके शौचालय, अमुक इतके लाभार्थी. 'दोनशे रुमाल झटकले, त्यांपैकी एकशे नव्वदांत विशेष काही आढळले नाही' हे फलित कोणत्या रकान्यात भरावे? संशोधन संस्था, ग्रंथालये, हस्तलिखित संग्रह यांच्या वाट्याला हा निधी कमी येतो, त्याचे एक कारण असे रकान्यांचे आहे.

हिशेब, कायदा आणि विश्वास :

१९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाने, जो आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम म्हणून ओळखला जातो, धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीची व्यवस्था निर्माण केली. नोंदणी, लेखापरीक्षण, अंदाजपत्रक, स्थावर विकण्यापूर्वी परवानगी या तरतुदींमुळे देणगीदाराला संरक्षण मिळाले, यात संशय नाही. देवस्थानांच्या जमिनी गिळंकृत करण्याचे प्रकार त्यापूर्वी सर्रास होत होते. मात्र याच कायद्याने स्वयंसेवकाच्या कामाचे स्वरूप पालटून टाकले. कलम २२ नुसार विश्वस्त मंडळात बदल झाल्यास नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. त्यास कोणी हरकत घेतली तर प्रकरण वर्षानुवर्षे चालते, नव्या विश्वस्तांचे नाव चढत नाही आणि बँक सही स्वीकारण्यास कां-कू करते. अशा वेळी संस्थेचा उत्साही कार्यकर्ता पोथीऐवजी तारखांच्या मागे धावू लागतो. कायदा असावा की नसावा, असा हा वाद नाही. छोट्या संस्थेला कायदा पाळण्यासाठी लागणारे मनुष्यबळ कोठून मिळावे, हा प्रश्न आहे. त्याची उत्तरे कायद्याच्या पुस्तकात नाहीत. एकेकाळी धुळ्यात ती सहज मिळत होती, कारण संस्था चालविणारेच वकील होते.

कायम निधीची स्थितीही ध्यानात घेण्यासारखी आहे. जुन्या संस्थांनी 'आश्रयदाते', 'हितचिंतक', 'तहहयात सभासद' अशा वर्गवारीने रकमा घेतल्या आणि त्या मुदत ठेवीत ठेवल्या. व्याजावर संस्था चालावी, मुद्दल अखंड राहावे, ही योजना शहाणपणाची होती. एक लाख रुपयांवर दहा टक्क्यांनी वर्षाला दहा हजार मिळत. दर सहा टक्क्यांवर आला की सहा हजार मिळतात आणि दरम्यान विजेचे बिल, छपाई, शिपायाचे वेतन कितीतरी पटींनी वाढलेले असते. ज्या गृहस्थाने चाळीस वर्षांपूर्वी शंभर-दोनशे रुपये भरून तहहयात सभासदत्व घेतले, त्याला संस्था आजही अंक पाठविते, आणि टपालखर्च त्या मूळ रकमेच्या व्याजाहून अधिक होतो. मुद्दल अखंड राहिले आहे, त्याचा अर्थ मात्र झिजला आहे.

महाविद्यालयांची भूमिका :

या सर्व चर्चेत आपल्या महाविद्यालयांचे स्थान कोठे आहे? राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास समाजकार्य करावे, अशी अपेक्षा आहे. सात दिवसांचे निवासी शिबिर होते. शोषखड्डे, वृक्षारोपण, ग्रामस्वच्छता ही कामे उपयुक्त आहेतच. तथापि एका युनिटच्या शंभर विद्यार्थ्यांपैकी दहा जणांचे १२० तास जरी जवळच्या ग्रंथालयाला किंवा हस्तलिखित संग्रहाला मिळाले, तर वर्षाला बाराशे तास होतात. मोडी न येणारा विद्यार्थीही धूळ झटकू शकतो, क्रमांक घालू शकतो, छायाचित्र घेऊ शकतो, जुन्या अहवालांतील वर्गणीदारांच्या याद्या संगणकावर उतरवू शकतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आलेल्या क्षेत्रीय प्रकल्प आणि सामुदायिक सहभाग या घटकांमुळे अशा कामास श्रेयांकही देता येतात. श्रेयांक मिळाले म्हणजे स्वेच्छा संपली, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदीच निराधार नाही. मात्र साठ-सत्तर वर्षे वयाच्या चार-पाच निवृत्त शिक्षकांवर ज्या संस्था तगून आहेत, त्यांना विद्यार्थी कोणत्या कारणाने आला यापेक्षा तो दुसऱ्या वर्षी पुन्हा येतो का, याची अधिक काळजी आहे.

वर्गणीदारांच्या याद्यांचा उल्लेख वर आला. इतिहासाचे साधन म्हणून या याद्यांकडे आपण पाहिलेले नाही. जुन्या वार्षिक अहवालाच्या शेवटी बारीक टाइपात छापलेली नावे, गावे आणि 'रु. २', 'रु. १-८-०' अशा रकमा, हा त्या काळच्या सार्वजनिक जीवनाचा नकाशाच असतो. कोणत्या गावातून रक्कम आली, कोणत्या गावातून मुळीच आली नाही, कोणत्या जातींची आडनावे दिसतात, स्त्रीचे नाव स्वतंत्रपणे केव्हा प्रथम येते, दुष्काळाच्या वर्षी यादी किती आखूड होते, हे सर्व त्यातून काढता येईल. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील इतिहास विभागांनी एकेका संस्थेचे अहवाल वाटून घेतले तर हे काम दोन-तीन वर्षांत होण्यासारखे आहे. संगमरवरी फलकावरची नावे कोणीही वाचतो.

सोनगीर परिसरापुरते बोलावयाचे तर आरंभ भांड्यांपासून करता येईल आणि त्यास विलंब करून चालणार नाही. गावोगाव मंगल कार्यालये झाली, भाड्याची स्टीलची भांडी आली आणि मंदिरांच्या कोठीतील पितळी पातेली, परातींचा, हंड्यांचा वापर थांबला. विश्वस्त मंडळे ती जुनी भांडी मोडीत काढून तो पैसा जीर्णोद्धारास लावतात. हेतू चांगलाच असतो. पण भांडे वितळले की काठावरचे नाव, गाव आणि साल वितळते, आणि ज्या कुटुंबाने एका वर्षाच्या पिकातून वाचवून ती परात दिली त्याचा एकमेव लेखी पुरावा नाहीसा होतो. मोडीत देण्यापूर्वी त्या अक्षरांचा ठसा कागदावर उतरवून घेणे, किंवा भ्रमणध्वनीवर छायाचित्र घेऊन वजनासह वहीत नोंद करणे, यास एका गावासाठी दोन विद्यार्थी आणि एक दुपार पुरेशी आहे.